फोनमध्ये ३७ पाटील हायत, त्यातला आपला कुठला? माणसं लक्षात ठेवायचं अ‍ॅप कसं निवडायचं

मागच्या वर्षी एका जुन्या दोस्ताला लई दिवसांनी फोन लावला, गप्पा झाल्या, ऊस, पोरं, फुटबॉल सगळं झालं आणि ठेवता ठेवता सवयीनं विचारलं, "आण्णा काय म्हणतात, तब्येत बरी हाय न्हवं?" तिकडं दोन सेकंद शांत. मग म्हणाला, "आरं, आण्णा जाऊन दीड वर्ष झालं की. तू रक्षाविसर्जनाला आलतास." आणि मी खरंच गेलतो. पंचगंगेच्या घाटावर त्याच्या शेजारी उभा होतो. तो बिचारा समजून घेणारा, हसून सोडून दिलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून (उद्यमनगरात आमचं छोटं मशिनशॉप हाय) असलं काही लक्षात ठेवणारं अ‍ॅप असतं का ते शोधायला लागलो. असतं. ढिगानं असतात. सहा-सात महिने एकेक टाकून, वापरून, वैतागून काढून टाकलीत, तेव्हा काय बघायचं आणि काय बघायचं नाही एवढं तरी कळलंय, ते सांगतो.

आधी शब्दाचं सांगतो, कारण सर्च करताना तोच लागतो. ह्या प्रकाराला पर्सनल सीआरएम म्हणतात. सीआरएम म्हणजे कंपन्या गिऱ्हाईकांची नोंद ठेवायला वापरतात ते, कुणाला कोटेशन दिलं, कुणाचा फोन यायचाय, कोण हातातून जायला लागलंय. तेच घरगुती करून विकतात. गोम इथंच हाय. बऱ्याच अ‍ॅपची भाषा अजून सेल्सवाल्याचीच. एका अ‍ॅपनं माझ्या मावशीला 'लीड' (म्हणजे पटवायचं गिऱ्हाईक) म्हणून टाकलं आणि वर नोटिफिकेशन, "फॉलो-अप ओव्हरड्यू". मावशी इचलकरंजीत बसून पापड लाटायली आणि माझ्या फोनमध्ये ती थकबाकी. काढून टाकलं तिथंच. पहिल्या पाच मिनिटांत असली भाषा दिसली तर माझ्यासारखं करा, पुढं ते अ‍ॅप कितीही भारी असू दे.

आता अ‍ॅप बघायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमचं नेमकं काय विसरतंय? मी सगळं एकच समजत होतो आणि त्यातच चार महिने गेले. कुणाला नंबर सापडत नाही, कुणाला वाढदिवस-तारखा राहत नाहीत, कुणाला माणसाबद्दलची माहिती राहत नाही (माझं हे), आणि कुणाला सगळं आठवतं पण फोन करायचंच राहून जातं. चारही वेगळी दुखणी हायत. नंबर सापडत नसेल तर अ‍ॅप लागतच नाही, साफसफाई लागते. तारखा राहत नसतील तर कॅलेंडर बास. फक्त शेवटच्या दोघांनीच पुढं अ‍ॅपच्या नादाला लागावं.

साफसफाई मात्र सगळ्यांनाच करायला लागते, तिला सुट्टी नाही. माझ्या फोनमध्ये चौदाशे नंबर. 'पाटील' टाईप केलं की ३७ यायचे. पाटील सर, पाटील नवा, पाटील २, पाटील बुलेट, पाटील गुऱ्हाळ, पाटील उचलू नको. हा 'उचलू नको' कोण, का उचलायचा नाही, काय आठवंना. शेवटी उचलला तर माणूस चांगला निघाला, दुसऱ्याच कुठल्यातरी पाटलाचा राग त्याच्या नावावर चढलावता. असल्या यादीवर कुठलंही अ‍ॅप बसवलं तर ते कचऱ्यालाच नीट कप्पे करून देणार, दुसरं काय?

तर पहिलं काम, नंबर कुठं सेव्ह होतात ते बघा. सिमवर, फोनवर का गूगल अकाउंटवर. सिमकार्डावर साधारण अडीचशे नंबर बसतात, नाव पण अर्धवट कापलं जातं आणि वाढदिवस, पत्ता, नोट असलं काही बसत नाही. फोनमध्ये सेव्ह केलं तर फोन गेला की सगळं गेलं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत आमच्या घरात पाणी आलं तेव्हा वर-खाली सामान उचलताना फोन खिशातून पाण्यात पडला, आणि दोन दिवस ज्यांना "बोट पाठवा, दूध पाठवा" म्हणून फोन करायचा ते सगळे नंबर त्यातच. नाव पाठ, नंबर एकाचा पाठ नाही. तेव्हापासून सगळं गूगल अकाउंटवर. आयफोनवाल्यांनी आयक्लाउडवर ठेवलं तरी चालतंय, मुद्दा एकच, फोनच्या बाहेर कॉपी पाहिजे.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डुप्लिकेट एकत्र करायची सोय हाय, 'मर्ज अँड फिक्स' म्हणून, ती कॉम्प्युटरवर बसून करा, फोनवर डोळं जातात. चुकून भलतंच मर्ज झालं तर घाबरू नका, गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला सगळी यादी मागं नेता येते, 'अनडू चेंजेस' मध्ये. मी एकदा दाजींना आणि गॅसवाल्याला एक केलतं. दाजींचा वाढदिवस म्हणून मेसेज गेला गॅसवाल्याला, "दाजी, उदंड आयुष्य लाभो." टाकी मात्र त्या दिवशी लगेच आली.

आणखी एक बारीक गोष्ट जी आपल्यालाच लागते, बाहेरच्या कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. आपली निम्मी नावं देवनागरीत, निम्मी इंग्रजीत सेव्ह असतात. यादीत ती दोन वेगळ्या गठ्ठ्यांत जातात आणि एका लिपीत शोधलं तर दुसरी कायम सापडेल असं नाही. नाव एका लिपीत ठेवा आणि निकनेमच्या रकान्यात दुसऱ्या लिपीत टाका. कंटाळवाणं हाय, पण रोज पाच-पाच केली तर होतंय. आणि कंपनीचा जो रकाना असतो त्यात मी गाव आणि कुणाकडनं ओळख ते लिहितो. 'कागल, आत्तीकडचे.' 'गडहिंग्लज, तालमीतले.' आपल्याकडं माणूस कंपनीनं कुठं ओळखतात, गावानं आणि पाहुण्यांनीच ओळखतात. ह्या एका युक्तीनं ३७ पाटील सुटे झाले. एवढ्यावरच तुमचं दुखणं गेलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, मिसळ खाऊन या.

आता माझ्यासारख्यांचं, म्हणजे ज्यांना माणसाबद्दलची माहिती राहत नाही. अ‍ॅपमध्ये काय असावं हे मला कुठल्या रिव्ह्यूनं सांगितलं नाही, आईच्या आहेराच्या वहीनं सांगितलं. पुरात माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती म्हणून वाचली ती. थोरल्या बहिणीच्या लग्नातली, लाल पुठ्ठ्याची. एकेका ओळीत नाव, गाव, कुणाकडचे, काय दिलं (रुपये ५१, स्टीलचा डबा, नऊवारी), आणि कडेला पेन्सिलनं आईनं नंतर कधीतरी लिहिलेलं: 'ह्यांच्या धाकटीचं वैशाखात', 'दिलं, फिटलं', 'आजारी असतात, जाऊन यावं'. बास. कोण, कुठले, कुणामुळं, मागच्या वेळी काय झालं, पुढं काय येणार. मी डॉलरमध्ये पैसे भरून जी अ‍ॅप्स बघितली त्यांत ह्या पाच गोष्टींपलीकडं जे काही होतं त्यातलं मी काहीच वापरलं नाही.

म्हणून अ‍ॅप उघडलं की हे पाच कुठं लिहायचे ते बघा, आणि मुख्य म्हणजे लिहायला किती वेळ लागतो ते बघा. माझी परीक्षा अशी: माणूस भेटून निघाला, मी गाडीला किल्ली लावायच्या आत एक ओळ लिहून झाली पाहिजे. समजा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला कोण भेटलं. "२१ मार्च, यार्डात. पोरगी बारावी, नीटची परीक्षा देणार. गूळ ५ किलो दिला, पैसे घेईनात." एवढंच. हे लिहायला अ‍ॅप उघड, माणूस शोध, 'अ‍ॅड इंटरॅक्शन' दाब, प्रकार निवड, तारीख निवड, मूड निवड (हो, मूड विचारणारं एक होतं), मग लिही, असं असेल तर तुम्ही आठवडाभर कराल आणि सोडाल. मी नऊ दिवस केलं.

प्रकार ढोबळमानानं असे हायत. सगळ्यात सोपा म्हणजे जे फोनमध्ये हाय तेच, गूगल कॉन्टॅक्ट्सचा नोट्सचा रकाना. फुकट, मराठी चालतंय, वाढदिवस टाकला की गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप दिसतो, लेबलं लावता येतात (मी 'तालीम', 'पै-पाहुणे', 'दुकान', 'शाळा' एवढीच ठेवलीत). "ह्याला तीन महिने फोन केला नाहीस" असं ते सांगत नाही, एवढी एक उणीव. ते पाहिजे असेल तर कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी परत येणारी नोंद टाका, गबाळं दिसतं पण काम होतं.

दुसरा, नोट्सची अ‍ॅप्स, नोशन, ऑब्सिडियन वगैरे. एका माणसाला एक पान. ऑब्सिडियनचं मला आवडलं ते म्हणजे सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तुमच्याच मशीनवर राहतं, उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. नोशनमध्ये टेबल सुंदर होतं, पण सुंदर करण्यातच रविवार जातो. माझा भाचा पुण्यात आयटीत हाय, त्यानं नोशनमध्ये एवढं भारी बनवलंय, रंग काय, आयकॉन काय. त्यात माणसं अकरा.

तिसरा, खास ह्याच कामाची. मोनिका म्हणून एक हाय, २०१७ पासूनचं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, सर्व्हर (कायम चालू राहणारा कॉम्प्युटर) लावता येत असेल तर स्वतःच्या मशीनवर बसवता येतं. ह्याच्यात धंद्याचा वास नाही. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बायको अशी नाती जोडता येतात, भेट काय दिली ती नोंदता येते, उधार दिलेले पैसे लिहिता येतात. आहेराच्या वहीच्या सगळ्यात जवळ मला हेच वाटलं. पण स्वतः सर्व्हर चालवायचा म्हणजे घरात मोटार, पाइप, व्हॉल्व्ह सगळं आपणच बघायचं आणि बिघडलं की आपणच खाली बसायचं. डेक्स आणि क्ले ही नोकरीपेशावाल्यांची जास्त, लिंक्डइन, ईमेल, कॅलेंडर यांतनं माणसं ओढून घेतात. ज्याचं सगळं जग मेलवर चालतं त्याला भारी. माझे निम्मे पाहुणे मेल वापरत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांना पासवर्ड माहीत नाही, मग ओढणार काय? क्ले २०२५ मध्ये ऑटोमॅटिक (Automattic) नावाच्या कंपनीनं विकत घेतलं, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम वाली. ह्या धंद्यात अ‍ॅप कधी कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, त्याचं पुढं बोलतो.

चौथा आपला लाडका, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. दुकान असणाऱ्यांनी बघावंच, चॅटला लेबल लावता येतं, २० पर्यंत. पण लेबल चॅटला असतं, आणि चॅट उडवली की तुमची आठवण गेली. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही आणि दिवाळीच्या शुभेच्छा निम्म्यांना पोचतच नाहीत. पोचल्या नाहीत तरी काय बिघडत नाही म्हणा, तोच तो पणतीचा फोटो.

आता अ‍ॅप ठरवताना जे मी ठोकर खाऊन शिकलो ते.

माहिती बाहेर काढता येते का हे पहिल्याच दिवशी बघा. पैसे भरायच्या आधी. दहा माणसं टाका, एक्स्पोर्ट करा, आणि ती फाइल दुसरीकडं उघडून बघा. ऑर्कुट ह्या गूगलच्या जुन्या सोशल साइटवर आपल्या पिढीनं केवढे स्क्रॅप, म्हणजे मेसेज, लिहिले, २०१४ मध्ये बंद. गूगल प्लसमध्ये तर माणसांचे सर्कल करायची सोय होती, घरचे वेगळे, दोस्त वेगळे, जवळजवळ आपल्याला पाहिजे तेच, २०१९ मध्ये तेही गुंडाळलं. गूगलएवढी मोठी कंपनी गुंडाळते तर चार पोरांनी काढलेलं अ‍ॅप पाच वर्षं टिकेल ह्याची खात्री कोण देणार? फाइल व्हीसीएफ किंवा सीएसव्ही मिळाली पाहिजे. व्हीसीएफ म्हणजे व्हीकार्ड, नंबरांसाठी सगळीकडं चालणारी, आणि सीएसव्ही म्हणजे साध्या तक्त्याची फाइल. नुसती पीडीएफ देत असेल तर नको म्हणा.

आणि उघडून बघा म्हटलं ते मराठीसाठी. एका जुन्या फोनमधनं मी व्हीसीएफ काढली आणि नोटपॅडमध्ये उघडली तर 'सुनील' च्या जागी बरोबरची चिन्हं आणि ई-शून्य, ए-चार असली रांगच्या रांग. मला वाटलं गेलं सगळं. गेलेलं नसतं, जुन्या व्हीकार्डात इंग्रजी सोडून बाकी अक्षरं तशी सांकेतिक करून लिहितात, परत कॉन्टॅक्ट्समध्ये घातली की नीट दिसतात. सीएसव्हीचं उलटं, फाइल चांगली असते पण एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की देवनागरीचा चिखल होतो. तेव्हा ती गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा एक्सेलच्या डेटा मेनूतनं यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षरांची पद्धत) निवडून आत घ्या. आणि तो चिखल दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, तसा सेव्ह केला की खरंच गेलं.

मग परवानगी. अ‍ॅप म्हणणार, कॉन्टॅक्ट्स बघू का. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा सगळे नाहीतर कुणीच नाही असा मामला असतो, आयफोनवर आयओएस १८ पासून निवडक माणसंच देता येतात. विचार करून द्या, कारण त्यात तुमचा एकट्याचा नंबर नसतो, चौदाशे लोकांचा असतो आणि त्यांतल्या एकालाही तुम्ही विचारलेलं नसतं. आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा हाय, पण स्वतःच्या घरगुती वापरासाठी कुणी माहिती ठेवली तर त्याला तो लागू नाही, म्हणजे तुमच्या यादीवर लक्ष ठेवणारे तुम्हीच. माझा नियम साधा: ते माणूस शेजारी बसून माझ्या फोनमध्ये स्वतःबद्दलचं वाचतंय असं समजायचं. "पोरगी नीट देणार" चालतंय. "कर्जात बुडालाय", "सासूशी पटत नाही" हे नाही लिहायचं. एकदा बायकोनं माझ्या नोट्समध्ये तिच्या भावाच्या नावापुढं 'बोलताना पैशाचा विषय नको' असं वाचलं, पुढचं इथं लिहीत नाही.

तिथीचं एक राहिलं. आमच्यात वर्षश्राद्ध, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे वाढदिवस, गावाकडची जत्रा, सगळं तिथीनं. मी बघितलेल्या एकाही अ‍ॅपला तिथी कळत नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळं तारीख दरवर्षी अकराएक दिवस मागं येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारते, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ हाय, १७ मे ते १५ जून, मग त्याच्या पुढच्या सगळ्या तिथ्या लांबणार. 'दरवर्षी रिपीट' लावलंत तर फसलात. मी जानेवारीत भिंतीवर नवीन कालनिर्णय लागलं की आईला घेऊन अर्धा तास बसतो, ती तिथी सांगते, मी त्या वर्षाची तारीख फोनमध्ये टाकतो, त्या एका वर्षापुरती. ह्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला आवडायला लागलाय, कारण मधेमधे ती कोण कुणाचं ते सगळं सांगत बसते आणि मी ते पण लिहून घेतो.

आणि आठवण करून देण्याबद्दल. रॉबिन डनबार म्हणून इंग्लंडचे एक संशोधक हायत, त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणसाला खऱ्या अर्थानं सांभाळता येणारी नाती दीडशेच्या आसपास, आणि त्यातही आतले थर पाच, पंधरा, पन्नास असे. आमच्या तालमीतच दीडशे हायत, मग घरच्यांनी काय करायचं, पण आतल्या थरांचं मला पटलं. म्हणून चौदाशे लोकांना रिमाइंडर लावू नका. आतल्या पाचांना लागतच नाही, ते तसेही डोक्यावर बसलेले असतात. पहिल्या पंधरात न बसणारे पण पन्नासात बसणारे जे तीस-पस्तीस असतात ना, शाळेतला दोस्त, लांबची आत्ती, जुना मालक, ज्यांच्याशी भांडण नाही काही नाही पण फोन होत नाही, फक्त त्यांना लावा. दिवसाला एकाच्या वर नोटिफिकेशन आलं की हात आपोआप बाजूला सारायला शिकतो.

तेव्हा करायचं असं. दोन अ‍ॅप निवडा, जास्त नको. वीस माणसं घ्या, सगळ्या प्रकारची, एक मेलवाला, एक व्हॉट्सअ‍ॅपवाला, एक नुसता कीपॅड फोनवाला म्हातारा. महिनाभर दोन्हींत लिहा. महिन्यानं नोंदी मोजायच्या नाहीत, एखाद्याला फोन लावायच्या आधी तुम्ही आपणहून कुठलं उघडलंत ते बघायचं. तेच तुमचं अ‍ॅप. वर्षाचे पैसे त्याच्या आधी भरू नका, वर्षाला स्वस्त पडतं म्हणून मी भरले आणि एका अ‍ॅपचे अकरा महिने अजून तसेच पडून हायत.

मी शेवटी कशावर आलो? गूगल कॉन्टॅक्ट्स, त्यातला नोट्सचा रकाना, तिसेक लोकांसाठी कॅलेंडर आणि आईसोबतचा जानेवारीतला अर्धा तास. एवढं हिंडून घरीच परत, बायको हसती. पण मोनिका भाच्याच्या सर्व्हरवर अजून चालू हाय, पोरीच्या लग्नाची यादी करायची झाली की त्यात करणार.

बॅकअपचा दिवस पण ठरवलाय, खंडेनवमी. त्या दिवशी दुकानातल्या लेथ, ड्रिल सगळ्यांची पूजा असते, मशीन बंद, वेळच वेळ, मग सगळे कॉन्टॅक्ट्स व्हीसीएफमध्ये काढून पेनड्राइव्हवर घेतो. गेल्या वेळी पेनड्राइव्ह चुकून हत्यारांच्या ताटातच राहिला, तर कामगारानं मायक्रोमीटर आणि पान्यांबरोबर त्याला पण हळदकुंकू लावलं, झाकण उघडलं की अजून लाल बोटं होतात.